मुलांचे दात आणि पोट: गोव्यातल्या घरच्या जेवणापासून सुरुवात कशी करावी

दोन-तीन वर्षांच्या मुलाचे पुढचे दात तपकिरी पडू लागले आहेत, किंवा मूल तीन-तीन, चार-चार दिवस शौचाला जात नाही आणि गेले की रडते, अशा काळजीत असलेल्या आई-बाबांसाठी हे लिहिते आहे. नोकरीनिमित्त गोव्यात नव्याने राहायला आलेल्या आणि इथल्या बाजारात मुलासाठी काय घ्यावे हे न कळणाऱ्या घरांनाही याचा उपयोग होईल.

या दोन तक्रारी पुष्कळदा एकाच मुलात सापडतात. दिवसभर बिस्किटे, पाव, चॉकलेट, टोस्ट आणि बाटलीतले दूध यांवर राहणाऱ्या मुलाच्या तोंडात सतत काहीतरी गोड किंवा चिकट असते, आणि पोटात चोथा जवळजवळ जातच नाही. आपले रोजचे जुने जेवण नेमके याच्या उलट आहे. उकड्या तांदळाची पेज, शीत-हुमण (भात आणि माशाची आमटी), तांबडी भाजी (लाल माठ), अळसांद्यांचे (गावठी चवळीचे) तोंडाक म्हणजे रस्सा, नाचणीचे तिजान म्हणजे खिरीसारखी पेज. यातले बरेचसे चावावे लागते, चोथा भरपूर मिळतो, आणि पोट भरलेले राहिल्यामुळे दोन जेवणांच्या मध्ये तोंडाला विश्रांती मिळते. माझ्या मते ही विश्रांतीच सर्वांत मोलाची.

एक गोष्ट आधीच स्वच्छ सांगते. जेवण बदलून दातात पडलेला खड्डा भरून येत नाही. हिरडीजवळ खडूसारखे पांढरे डाग दिसत असतील तर कीड अजून सुरुवातीला आहे. आहार, ब्रश आणि फ्लोराइड यांनी ती तिथेच थांबू शकते, काही वेळा मागेही फिरते. पण पृष्ठभाग फुटून खड्डा पडला की दंतवैद्याकडे जावेच लागते. अमुक तेल किंवा तमुक तूप चाटवून खड्डे बुजल्याच्या गोष्टी फोनवरून फिरत असतात. त्यांच्या नादात महिने घालवू नका.

पहिली पायरी: आधी नीट बघा

खिडकीजवळ बसा. मुलाला मांडीवर असे झोपवा की त्याचे डोके तुमच्या गुडघ्यांकडे आणि पाय तुमच्या पोटाकडे येतील. समोर दुसरे कुणीतरी गुडघ्याला गुडघा लावून बसले तर डोके त्यांच्या मांडीवर टेकते आणि काम सोपे होते. आता अंगठ्याने वरचा ओठ अलगद उचला. पुढच्या चार दातांवर, हिरडीच्या अगदी कडेला पांढरी, मंद, चमक गेलेली रेघ दिसते का बघा. एखाद्या स्वच्छ फडक्याने दात पुसून कोरडा केला की ती रेघ जास्त स्पष्ट दिसते. मग खालच्या आणि वरच्या दाढांच्या चावायच्या बाजूला काळ्या-तपकिरी रेषा किंवा खाचा आहेत का ते पाहा. महिन्यातून एकदा एवढे केले तरी पुष्कळ गोष्टी वेळेत कळतात.

पोटासाठी आठवडाभर एक कागद फ्रिजवर लावून ठेवा. शौच कोणत्या दिवशी झाली, मऊ केळ्यासारखी की बकरीच्या लेंड्यांसारखी, दुखले का, एवढेच लिहायचे. त्याच कागदावर दुसरी ओळ: जेवणाखेरीज मुलाच्या तोंडात काय काय गेले. एक बिस्किट, शेजारच्या घरी मिळालेली गोळी, आजोबांच्या बशीतला चहा, सगळे लिहा. कुणाला बोल लावण्यासाठी हे नाही. बहुतेक घरांत कागद भरला की काय बदलायचे ते कुणी न सांगता दिसते.

पुढीलपैकी काही असेल तर आधी बालरोगतज्ज्ञ, मग आहार: शौचातून रक्त, वजन न वाढणे किंवा घटणे, वारंवार उलट्या, पोट फुगून टणक होणे, दुखण्याने रात्री झोपेतून उठणे. हिरडीवर पुळी आली असेल किंवा गाल सुजला असेल तर त्याच दिवशी दंतवैद्याला दाखवा.

आणखी एक फसवी खूण. कित्येक दिवस शौच न झालेल्या मुलाची चड्डी अधूनमधून पातळ शौचाने खराब होत असेल तर तो जुलाब असेलच असे नाही. आत घट्ट मळ अडकलेला असतो आणि पातळ भाग त्याच्या बाजूने झिरपतो. अशा मुलाला एकदम चोथ्याचा मारा केला तर त्रास वाढतो. आधी डॉक्टरांच्या औषधाने पोट मोकळे व्हायला हवे, चोथा त्यानंतर.

दुसरी पायरी: पदार्थ बदलण्याआधी वेळा बदला

दातांवरचे जंतू साखर आणि पिष्ट खाऊन आम्ल तयार करतात. तोंडातला पीएच, म्हणजे आम्लतेचे माप (आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त), साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या कवचातली खनिजे विरघळायला लागतात. मग लाळ हळूहळू ते आम्ल निवळते आणि थोडी खनिजे परत दातावर बसवते. या दुरुस्तीला अर्धा ते एक तास लागतो. मूल दर अर्ध्या तासाने काहीतरी कुरतडत असेल तर दुरुस्तीला वेळच मिळत नाही. म्हणून चार लाडू जेवणाबरोबर एका बैठकीत खाल्ले तर दातांचे जितके नुकसान होईल, त्याहून जास्त एकच पाकीट बिस्किटे दिवसभर पुरवून खाल्ल्याने होते. पालकांना हे ऐकून आश्चर्य वाटते, पण सगळे इथेच अडलेले असते.

वर्षावरील मुलासाठी दिवसात तीन जेवणे आणि दोन मधली खाणी पुरतात. सकाळची पेज, दहा-साडेदहाला काहीतरी, दुपारचे जेवण, चार-पाचला खाणे, रात्रीचे जेवण. मधल्या वेळात तहान लागली तर पाणी. ज्यूस नाही, सरबत नाही, दूधही नाही. पहिले तीन-चार दिवस मूल कटकट करील. पाचव्या-सहाव्या दिवसापासून जेवणाच्या वेळी त्याला खरी भूक लागलेली दिसेल, आणि एरवी नाक मुरडणारे मूल तांबड्या भाजीचा घास घेईल.

रात्रीची बाटली हा वेगळा मुद्दा आहे आणि त्यात मी कसलीही सूट सुचवणार नाही. झोपेत लाळ फार कमी सुटते. तोंडात दुधाची बाटली घेऊन झोपलेल्या मुलाच्या वरच्या पुढच्या दातांवर दूध रात्रभर साचून राहते, आणि त्यात साखर घातलेली असेल तर विचारूच नका. पहिल्या वाढदिवसापासून बाटली सोडवून पेल्याची सवय लावा. झोपताना बाटलीशिवाय राहतच नसेल तर आत साधे पाणी. दुधात रोज थोडे थोडे पाणी वाढवत आठवड्याभरात पूर्ण पाण्यावर आणता येते. अंगावर पिणाऱ्या बाळांबद्दल आयांना उगाच धास्ती वाटते. सहा महिने फक्त आईचे दूध आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहूनही जास्त स्तनपान, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. तो दातांसाठी मोडायची गरज नाही. दात आल्यावर रात्री शेवटचे खाणे झाले की ब्रश करावा, आणि मूल वर्षाचे झाल्यावर रात्रभर तोंडात स्तन ठेवून झोपण्याची सवय हळूहळू कमी करावी, इतकेच.

तिसरी पायरी: सकाळ

सकाळच्या चहात बुडवलेला पाव किंवा बिस्किट हा गोव्यातल्या लहान मुलांचा नेहमीचा नाश्ता झाला आहे. पहिला बदल इथे करा. चहा लोहाच्या शोषणात अडथळा आणतो, भिजलेला मैदा दाढांच्या खाचांत चिकटून बसतो, आणि अशा नाश्त्याने तासाभरात पुन्हा भूक लागते.

पेज करायला तांदूळ उकडेच घ्या. उकडताना कोंड्यातली ब गटातली काही जीवनसत्त्वे दाण्याच्या आत मुरतात, आणि इथल्या उकड्यावर तांबूस कोंडाही थोडा शिल्लक असतो. घरात पांढऱ्या सुरय (न उकडलेल्या) तांदळाची सवय असेल तर एकदम पालटू नका. पहिल्या आठवड्यात तीन भाग पांढरा, एक भाग उकडा, मग निम्मे-निम्मे. उकडा रात्रभर भिजत घातला की लवकर शिजतो आणि मुलांना दाणा कडक लागत नाही.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. पेजेचे वरचे पाणी म्हणजे ताकद, असे समजून बाळाला तेवढेच पाजतात. पाण्याने पोट तात्पुरते भरते, वाढीला लागणारे अन्न मात्र त्यात जेमतेम असते. सहा महिन्यांनंतरच्या बाळाची पेज इतकी घट्ट हवी की चमचा तिरका केला तर ती लगेच ओघळू नये. तांदळाबरोबर मूठभर मूगडाळ शिजवा, घोटा, वरून अर्धा चमचा तूप किंवा खोबरेल तेल घाला. वर्षाच्या आत मीठ-साखर नको, आणि मध तर बोटावर चाटवायलाही नको. मधातून होणारी बॉट्युलिझमची विषबाधा तान्ह्या बाळांच्या जिवावर बेतू शकते. गुटी उगाळून मधात देण्याची पद्धत ज्या घरात असेल तिथल्या मोठ्यांना हे शांतपणे समजावून सांगा.

मोठ्या मुलाच्या पेजेबरोबर काहीतरी चावायचे असू द्या: परतलेली भाजी, अळसांद्यांची सुकी उसळ, चवीपुरते खाऱ्यातले तोर (मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या कैऱ्या).

आठवड्यातून तीन-चार वेळा नाचणी करा. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ११ ग्रॅमच्या आसपास चोथा असतो. इतर कुठल्याही रोजच्या धान्यात एवढे कॅल्शियम नाही. पण आकड्यांनी भुलून जाऊ नका. मुलाच्या वाटीत दोन मोठे चमचे, म्हणजे वीसेक ग्रॅम पीठ जाते, त्यातून सत्तरच्या आसपास मिलिग्रॅम मिळते, आणि त्यातलेही सगळे अंगी लागत नाही. एक ते तीन वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज ५०० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे नाचणीला दही, दूध, लहान मासे, तीळ आणि पालेभाजीची जोड हवीच.

तिजान असे करा. अर्धी वाटी नाचणी निवडून, धुऊन रात्रभर भिजत घाला. सकाळी थोड्या पाण्यात बारीक वाटा. दोन वर्षांखालच्या मुलासाठी कपड्यातून गाळून घ्या. मोठ्या मुलासाठी गाळू नका, कारण चोथा सगळा त्या फडक्यातच राहतो. बद्धकोष्ठ असलेल्या मुलाला वर्षानुवर्षे गाळलेले सत्त्व देत राहणारी घरे पुष्कळ आहेत. वाटण जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर ठेवा आणि पळी थांबवू नका, नाहीतर गाठी होतात. रंग पालटून चकाकी आली की नारळाचा रस आणि चिमूटभर मीठ घाला, एक उकळी आली की उतरवा. गोडीसाठी पिकलेले केळे कुस्करून घाला. नाचणीला मोड आणून, सुकवून, दळून ठेवली तर आणखी उत्तम. मोड आणल्याने आणि आंबवल्याने त्यातले फायटेट (खनिजे अडवून धरणारे द्रव्य) कमी होते आणि खनिजे जास्त चांगली शोषली जातात. आंबील त्यासाठीच चांगली.

पोळे (डोसे) आणि सान्नां (इडलीसारखी वाफवलेली) हा तिसरा पर्याय. तांदूळ-उडीद रात्रभर आंबलेले पीठ पचायला हलके असते. पोळ्याच्या पिठात पाव भाग नाचणी खपून जाते, मुलांना रंगाशिवाय फरक कळत नाही.

पोदेराकडचा (पाववाल्याकडचा) पाव बंद करायची गरज नाही. साध्या पावाऐवजी कोंड्याची पोई (चपटा, पोकळ पाव) घ्या, पण पोदेराला एकदा विचारा. काही भट्ट्यांत पीठ सगळे मैद्याचे आणि कोंडा फक्त वरून भुरभुरलेला असतो. पोई फोडून आतला रंग पाहिला की कळते.

चौथी पायरी: दुपारचे ताट

इथे शिकवण्यासारखे फारसे नाही. शीत, हुमण किंवा वरण, एक पालेभाजी, एक कडधान्य, ताक. फक्त मुलाच्या ताटात यातले कोणते दोन पदार्थ कायम वगळले जातात ते बघा. बहुधा भाजी आणि कडधान्य.

माशांबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे. मुलाला काटे टोचतील म्हणून आपण विसवणाचा (सुरमईचा) तुकडा किंवा सुंगटे (कोळंबी) देतो आणि बांगडे-तारले (तारली, म्हणजे सार्डिन) मोठ्यांच्या वाट्याला जातात. खरे तर मुलांसाठी तारलेच सरस. तारले काट्यांसकट खाता आले तर कॅल्शियम मिळते, शिवाय ड जीवनसत्त्व आणि ओमेगा-३ मेद असतो, आणि किंमतही आवाक्यात. मोठ्या शिकारी माशांत पारा साठण्याची शक्यता जास्त असते. लहान माशांत ती भीती कमी.

काटे मऊ करायची युक्ती अशी: तारल्यांची डोकी आणि पोट साफ करून घ्या. कुकरच्या तळाला चार-पाच सोलां (आमसुले) पसरा, त्यावर तारले, चिमूट हळद, मीठ, ठेचलेली दोन तेफळां (तिरफळे), जेमतेम बुडेल इतके पाणी. पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून वीसेक मिनिटे ठेवा. सोलांचे आम्ल आणि कुकरची वाफ यांनी मधला काटा इतका मऊ होतो की बोटांत दाबला की त्याचा चुरा होतो. मुलाला वाढण्यापूर्वी प्रत्येक मासा असा बोटांनी चेपून बघा. टोचणारा काटा बोटाला लगेच कळतो. तीन वर्षांखाली हाच मासा भातात पूर्ण कुस्करून द्या. तेफळाची बी काढून टाका. मासा असो की तिसऱ्या (शिंपले), पहिल्यांदा देताना अगदी थोडे द्या आणि अंगावर पित्त उठते का पाहा.

मासे न खाणाऱ्या घरांत अळसांदे, मूग, चवळी, तीळ, दही आणि तांबडी भाजी यांची आलटून-पालटून योजना करा. मुगागाठी (मोड आलेल्या मुगांची आमटी) मुलांना सहसा आवडतात. मोड आल्याने मूग हलके होतात. खतखत्यासारख्या भाजीत मुलांच्या पोटात एरवी न जाणारी कंदमुळे जातात. तेफळ बाजूला काढून ठेवले की ती तक्रार करत नाहीत.

सोलकढीबद्दल एक सूचना. जेवणाबरोबर वाटीभर छान. पण कोकमाचे सरबत बाटलीत भरून मुलाने दिवसभर घोट-घोट पीत राहणे दातांना वाईट, कारण ते आंबटही आहे आणि गोडही. आंबट प्यायल्यावर लगेच ब्रश करू नये, पाण्याने चूळ भरावी आणि अर्धा तास थांबावे.

पाचवी पायरी: मधले खाणे, म्हणजे खरी लढाई

इथेच बिस्किटे आणि कुरकुरे घुसतात. म्हणून घरात आधीपासून तयार असलेली चार-पाच खाणी हवीत: उकडलेली कणगां (एक लहान कंद) किंवा रताळी, उकडून मीठ लावलेले अळसांदे, ओल्या खोबऱ्याचा तुकडा, काकडी, पेरू, चिकू, भाजलेली भिकणां (फणसाच्या बिया), उकडलेले अंडे, दही-फोव (दही-पोहे). केळ्यांत तर गोवा श्रीमंत आहे. मोयडेची मोठी केळी आणि सालदाटी मिळाली तर जरूर घ्या. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार या सगळ्यासाठी उत्तम. गावठी भाजी आणि कंद घेऊन बसलेल्या बायकांकडे जा आणि मुलालाही सोबत न्या. हाताने निवडलेले कणगे मूल घरी आल्यावर खाते, हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे.

चावून खाल्ल्याने लाळ सुटते आणि लाळ हेच दातांचे औषध आहे. पण चार-पाच वर्षांखालच्या मुलाला शेंगदाणे, अख्खे चणे, अख्खी द्राक्षे, खोबऱ्याचे कडक तुकडे देऊ नका. घशात अडकण्याचा धोका खरा आहे. खोबरे खवून, दाणे कूट करून, भिकणां उकडून कुस्करून द्या. आणि खाताना मूल बसलेले असावे, पळत नसावे.

आता गुळाविषयी. पालक साखर बंद करतात आणि माडाच्या गुळावर येतात, आणि वाटते की दातांचा प्रश्न सुटला. गुळात थोडी खनिजे असतात हे खरे, पण दातांवरच्या जंतूंना गूळ, साखर आणि मध सारखेच. उलट गूळ चिकट असतो. खजूर आणि मनुकाही चिकटतात, म्हणून त्या येता-जाता न देता जेवणाबरोबर द्याव्या. सर्व मिळून वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली, जमल्यास पाच टक्क्यांखाली असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चार-पाच वर्षांच्या मुलासाठी पाच टक्के म्हणजे जेमतेम चार लहान चमचे, गूळ धरून.

सणांना मात्र हात आखडता घेऊ नका. चवथीच्या नेवऱ्या (करंज्या), दिवाळीचे नाना तऱ्हेचे फोव, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, शेजारून आलेले नाताळचे ताट, हे मुलांनी मनापासून खावे. जेवणाच्या पाठोपाठ खावे, मग पाणी प्यावे, रात्री ब्रश करावा. नेवऱ्यांचा डबा मुलाच्या हाताला लागेल अशा जागी पंधरा दिवस उघडा राहू नये, एवढे पुरे.

पोटासाठी आणखी थोडे

दोन वर्षांवरील मुलाला दिवसाला किती ग्रॅम चोथा हवा, याचा एक सोपा हिशोब बालरोगतज्ज्ञ सांगतात: वय अधिक पाच. चार वर्षांच्या मुलाला नऊ ग्रॅम. एक पेरू, वाटीभर अळसांदे आणि भाजी यांत तो आकडा सहज गाठता येतो. पण हळूहळू वाढवा, दर आठवड्याला एक पदार्थ. एकदम वाढवला तर पोट फुगते, वायू होतो, आणि घरातले म्हणतात की हे सगळे मानवत नाही. चोथ्याबरोबर पाणीही वाढायला हवे. गोव्याच्या दमट हवेत घाम भरपूर जातो, त्यामुळे शाळेतून येणाऱ्या मुलाची पाण्याची बाटली उघडून बघा. ती भरलेली परत येत असेल तर बद्धकोष्ठाचे अर्धे कारण तिथेच सापडले.

दूध दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटरपुरते ठेवा. त्याहून जास्त दूध पिणाऱ्या मुलाची भूक मरते, लोह कमी पडते, आणि पोट घट्ट होते. कमी केलेल्या दुधाच्या जागी दही-ताक द्या.

सकाळी खाल्ल्यानंतर आतडी आपोआप हालचाल करतात. त्या वेळेचा फायदा घ्या. नाश्त्यानंतर पाच-दहा मिनिटे मुलाला शौचाला बसवा, कमोड असेल तर पायांखाली पाट द्या, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतील. झाली तर कौतुक, नाही झाली तर काही बोलू नका. एकदा दुखल्यावर मूल धरून ठेवते, धरून ठेवल्याने मळ आणखी कडक होतो, पुन्हा दुखते. हे चक्र तोडायला महिने लागू शकतात. ओरडल्याने ते आणखी घट्ट होते.

जेवण कितीही चांगले असले तरी ब्रश लागतोच

पहिला दात दिसला की ब्रश सुरू. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षे वाटाण्याएवढी, फ्लोराइडची. लहान मुलांच्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड नसते किंवा कमी असते, म्हणून वेष्टनावर १००० पीपीएमच्या आसपास आकडा आहे का ते वाचा. थुंकायला शिकवा, पण नंतर खळखळून चुळा भरायला लावू नका. थोडा फ्लोराइड दातांवर राहू द्यावा. दिवसातून दोनदा, आणि रात्रीचा ब्रश चुकवायचाच नाही. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनी करून द्यावा. कोळसा किंवा खरखरीत मंजन कवच घासून काढते, आणि मशेरी तर तंबाखूच आहे. ती मुलाच्या बोटावर कधीही देऊ नये.

‘दुधाचेच दात आहेत, पडणारच’ हे वाक्य मला फार अस्वस्थ करते. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. त्या किडल्या तर मूल चावत नाही, मऊ-गोडच मागते, आणि पोटाची घडी पुन्हा बिघडते. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ सगळ्यांच्या मागे येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून पालक तिला दुधाचीच समजतात आणि ती किडेपर्यंत लक्ष जात नाही. सहावे लागले की मागे टॉर्च मारून बघा. तिच्या खोल खाचा दंतवैद्य एका लेपाने बंद करून देतात. पहिली तपासणी तर पहिल्या वाढदिवसाच्या आसपासच व्हावी. खासगी दवाखाना परवडत नसेल तर बांबोळीला शासकीय दंत महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, तिथे मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे.

पावसाळ्याची तयारी

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्यात मुलांचे उन्हात खेळणेही थांबते, म्हणून ड जीवनसत्त्व कमी पडू शकते. मुलाला पूरक मात्रा हवी का हे डॉक्टरांना मेच्या शेवटीच विचारून घ्या. स्वतःहून थेंब सुरू करू नका, जास्तही घातक ठरते. या दिवसांत तायकिळा (टाकळा), तेरें (रानटी अळू) अशा रानभाज्या निघतात. कोवळ्या तायकिळ्याची खोबरे आणि भिकणां घालून केलेली भाजी मुलांना चालते. तेरें मात्र सोलां घालून पूर्ण शिजवा, नाहीतर घसा खाजतो.

पुरुमेंताच्या (पावसाळ्यासाठीच्या साठवणीच्या) खरेदीत मोठ्यांच्या सामानाबरोबर मुलांचाही विचार करा: मोड आणून दळलेली नाचणी हवाबंद डब्यात, अळसांदे कडक ऊन दाखवून, तीळ, सोलां, आणि फणसाची भिकणां मातीत घोळवून कोरड्या कोपऱ्यात. सुके मासे घेणार असाल तर ते फार खारे असतात हे लक्षात ठेवा. मुलांसाठी कोमट पाण्यात भिजवून दोनदा धुवा, भाजीत थोडेच घाला, आणि त्या दिवशी भाजीत वेगळे मीठ टाकू नका.